अकराव्या जागेची कबुली

१

अपराध लहान असेल तर त्याचे शासनही लहान असावे, हा न्यायाचा जुना संकेत आहे आणि आजचा कायदाही तो मानतो. रस्त्यात पाटी मांडून वाट अडवणाऱ्याला कोणी कारावासात धाडत नाही. न्यायाधीश दंड सांगतात, दंड भरला जातो, आणि दोन्ही पक्ष संध्याकाळपर्यंत तो विसरून जातात. विसरत नाही तो कागद. अपराध करणाऱ्याला तो धरतो तसा न करणाऱ्यालाही धरतो. कारण कागदाला नाव तेवढे दिसते, माणूस दिसत नाही. पनवेलच्या कोळीवाड्यातल्या एका मुलीच्या वाटेत असा एक कागद दीड वर्षाने येऊन उभा राहिला.

किशोरी बुधाजी नाखवा चोवीस वर्षांची होती. परिचारिकेचे शिक्षण पुरे करून तिने सरकारी रुग्णालयातील नेमणूक मिळवली होती. रुजू होण्यापूर्वी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते. ‘आपणांस कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?’ या प्रश्नापुढे तिने ‘नाही’ असे लिहिले होते. पडताळणीत उत्तर ‘होय’ निघाले. मागल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी, वीस ऑगस्टला, सार्वजनिक रस्त्यात अडथळा केल्याबद्दल तिला दंड झाला होता, आणि तिने तो गुन्हा स्वमुखाने कबूल केला होता. माहिती दडवल्याबद्दल नेमणूक का रद्द करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत मागणारी नोटीस तिच्या हाती आली. त्यांतले सहा दिवस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात गेल्यावर ती वडाळे तळ्याकाठी विनिताबाई उपासनींच्या दारी आली.

विनिताबाई तीस वर्षे न्यायालयात होत्या आणि शिरस्तेदार, म्हणजे कारकुनांच्या प्रमुख, म्हणून निवृत्त झाल्या होत्या. कोणता कागद कोणत्या कपाटात निजतो, हे त्यांना ठाऊक होते. वडील वैदिक; त्यामुळे टेबलावर चष्म्याशेजारी पंचांग असे.

“बाई, मी त्या कोर्टाची पायरीही चढलेली नाही,” किशोरी म्हणाली. “पोलीस म्हणतात कोर्टात जा. कोर्टात म्हणतात वकील आणा. वकील म्हणतात, दंड भरलाय ना, मग विषय संपला. आणि रुग्णालयातले साहेब म्हणतात, गुन्हा किरकोळ आहे हो, पण तुम्ही लपवलात ते वाईट. जे मलाच माहीत नाही ते मी लपवू कसं?”

“त्या दिवशी तू होतीस कुठे?”

“तेच तर. हॉस्टेलला असते तर हजेरी दाखवली असती. त्या आठवड्यात सुटी होती. मी इथेच, घरी.”

“रडायचं असेल तर आज रडून घे. उद्यापासून वाचायचं आहे.”

“रडून झालं, बाई. आता नुसता राग येतो, आणि तो कोणावर काढायचा तेही कळत नाही.”

निकालाची नक्कल मिळायला आणखी तीन दिवस गेले. विनिताबाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली. घटना एकोणीस ऑगस्टची, सकाळी अकराची. कबुली दुसऱ्या दिवशीची. आरोपी किशोरी बुधाजी नाखवा, सज्ञान, धंदा मासळीविक्री. राहण्याच्या रकान्यात ‘मासळी बाजाराबाहेर, जागा क्रमांक अकरा’. मुद्देमाल: चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, एक पाटी.

खाली सही नव्हती. अंगठा होता, आणि त्या अंगठ्यात एकही रेष नव्हती. शाईचा नुसता गुळगुळीत डाग.

२

“मी सही करते, बाई. हा अंगठा माझा नाही, एवढं पुरे नाही का?”

“तज्ज्ञ म्हणेल, ताडून पाहायला रेषाच नाहीत. तुझा आहे असं म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. अशा अंगठ्याला कागदावर कोणीही आपला म्हणू शकतो.” विनिताबाईंनी नक्कल घडी करून पिशवीत ठेवली. “जिचा आहे तिलाच शोधायला हवं.”

किशोरीच्या मनात एक नाव तयार होते. प्रतीक्षायादीत तिच्या पाठोपाठ असलेली स्नेहा. दोघी तीन वर्षे एका खोलीत राहिल्या होत्या, आणि त्या सुटीत स्नेहा किशोरीच्या घरी पाहुणी होती. किशोरीची नेमणूक रद्द झाली तर तिची जागा स्नेहाला मिळणार होती.

खारघरच्या एका उंच इमारतीत नवव्या मजल्यावर स्नेहाने दार उघडले. बाहेर किशोरीला पाहून तिने चहाही विचारला नाही.

“नारळी पौर्णिमेला हिच्या घरी जेवायला गेले होते,” ती विनिताबाईंना म्हणाली, “नाव चोरायला नाही. आणि मॅडम, ही भरती निघाली गेल्या वर्षी. त्याच्या आधी वर्षभर मी कोर्टात जाऊन हिच्या नावाने दंड भरणार, का, तर पुढे कधी जाहिरात येईल, दोघी अर्ज करू, आणि ही माझ्या पुढे असेल? मला एवढं दिसत असतं तर मी लॉटरी नसती काढली?”

विनिताबाईंना हसू आले. युक्तिवाद निर्दोष होता.

“मग फोन का उचलत नाहीस?” किशोरीने विचारले.

“कारण तुझं असं झालं म्हणून वाईट वाटतं, आणि माझा नंबर लागेल म्हणून बरंही वाटतं. अशा वेळी काय बोलतात ते मला येत नाही.” तिने फोनमधून त्या दिवसाची छायाचित्रे काढून विनिताबाईंपुढे धरली. “घ्या, पाठवते. मी तिथे काय करत होते ते दिसेल. खात होते.”

तिथून दोघी न्यायालयाच्या आवारात आल्या. तिथे पत्र्याच्या छपराखाली गोरख बसत असे. फेरीवाल्यांचे कागद लिहून देणे आणि त्यांना न्यायाधीशांसमोर काय बोलायचे ते सांगणे, हा त्याचा व्यवसाय.

“काय बोलायचं असतं?” विनिताबाईंनी विचारले.

“एकच शब्द, बाई. कबूल. लढलात तर सहा तारखा, सहा दिवस धंदा बंद. कबूल म्हणालात तर बाराच्या आत बाजारात. मी लोकांचं भलंच करतो.”

“त्या कबुलीचं पुढे काय होतं, ते सांगतोस?”

“ते मला कोण सांगतं?” गोरख म्हणाला. त्या दिवसाची त्याला आठवण होती. पाच बाया आल्या होत्या, आदल्या दिवशी पकडलेल्याच. हवालदाराने त्यांना चेहरे पाहून मोजून घेतले होते. “नावं मी विचारली नाहीत. प्रत्येकीनं पालिकेचं जागेचं प्रमाणपत्र पुढं केलं, त्यावरून उतरवली.”

“त्यावर फोटो असतो.”

“मासळीच्या पाण्यात भिजलेला फोटो, बाई. तो बघून कोणी म्हणालं की हा गोरखच आहे, तर मी पण कबूल म्हणेन.”

म्हणजे ती जी कोणी होती तिच्या हातात मूळ प्रमाणपत्र होते. विनिताबाई किशोरीकडे वळल्या. “तुझ्या जागेचं ते कोणाजवळ असतं?”

किशोरीने मान वळवून बाजाराच्या दिशेने पाहिले.

“आत्याजवळ,” ती म्हणाली.

३

मालू ही किशोरीच्या वडिलांची विधवा बहीण. किशोरीची आई रंभा अकराव्या जागेवर मासळी विकत असे. ती वारल्यावर ती जागा कायद्याने मुलीच्या नावावर झाली आणि व्यवहाराने मालूच्या अंगावर आली. त्या जागेवर बसूनच मालूने भाचीला शिकवले होते.

विनिताबाई किशोरीसह बाजारात पोचल्या तेव्हा मालू विळीवर सुरमई चिरत होती.

“या बाय. काय देऊ? उपासनी म्हंजे तुमी खानार नाय. मग मांजरासाठी नेता का?”

“मालूबाई, जागेचं प्रमाणपत्र दीड वर्षापूर्वी, ऑगस्टात, कोणाजवळ होतं?”

विळीवरचा हात थांबला नाही. “माझ्याजवल. आनखी कोनाजवल असनार?”

“आत्या, खरं सांग,” किशोरी म्हणाली. “माझ्याकडे पाच दिवस उरलेत. तुझ्याकडून कोणी तरी नेलं होतं का?”

“कोनी नाय नेला.”

“मग माझ्या नावाने कोर्टात उभं कोण राहिलं?”

मालूने मासळीचा तुकडा पाटीत टाकला, हात धुतले आणि पदराने पुसले. तिने भाचीकडे पाहिले नाही.

“मीच व्हती,” ती म्हणाली. “मीच गेली, मीच कबूल बोलली. झाला तुजा समाधान? लिवून घ्या बाय, काय लिवायचा तो.”

४

किशोरी घरी गेली नाही. तळ्याच्या कठड्यावर बसून राहिली. “जिने मला शिकवलं तिनेच माझं शिक्षण बुडवलं,” ती म्हणाली. “आणि दीड वर्ष एक शब्द नाही. बाई, मी हिच्याविरुद्ध तक्रार देऊ? कशी देऊ? आणि नाही दिली तर?”

“आधी एक गोष्ट तपासू दे,” विनिताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या किशोरीसह शाईची डबी आणि कोरा कागद घेऊन कोळीवाड्यात गेल्या. मालूने मुकाट्याने अंगठा उमटवला. त्यावर रेषा स्वच्छ होत्या, आणि त्यांच्या मधून विळीचा एक जुना वण आडवा गेला होता.

“हा वण केव्हाचा?”

“लगीन झाला त्या साली. तुमाला काय करायचा?”

“नकलेवरच्या अंगठ्यात वण नाही, मालूबाई. रेषाच नाहीत. तो अंगठा तुमचा नाही.”

विनिताबाईंनी पिशवीतून पंचांग काढले.

“सगळे जण वीस तारखेबद्दल भांडत होते, कारण नोटिशीत तीच आहे. पाटी पकडली गेली एकोणिसाला. त्या दिवसाची तिथी मी काल पाहिली. श्रावणी पौर्णिमा. तुमची नारळी पौर्णिमा. स्नेहाने पाठवलेल्या फोटोत मिरवणुकीच्या पुढे सोन्याचा नारळ घेऊन कोण चाललं आहे?”

त्यांनी छायाचित्र पुढे धरले. मालूच होती, मागे भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

“त्या दिवशी कोळीवाड्यातली एकही बाई बाजारात पाटी मांडत नाही. होड्या दर्याला पुजल्याशिवाय सुटत नाहीत. म्हणून पाटीत पापलेट नव्हतं, बोंबील नव्हता. चिंबोऱ्या होत्या, खाडीच्या चिखलातून हाताने काढलेल्या. त्या काढणारी कोळीण नव्हे. आणि जिच्या अंगठ्यावरच्या रेषा गेल्या आहेत ती वर्षातले सहा महिने कुठे तरी ओली माती साच्यात थापते. विटा पाडणाऱ्या बायांचे अंगठे यंत्रही ओळखत नाही. रेशनच्या दुकानात मी ते दर महिन्याला पाहते.”

किशोरी उठून उभी राहिली. तिच्या तोंडून नाव सुटले तेव्हा ते प्रश्नासारखे नव्हते.

“ठकी.”

मालूने दोन्ही हात जोडले, विनिताबाईंकडे नव्हे, भाचीकडे. “किशे, तिला धरू नको. मीच तिला बसवली. एक दिस जागा रिकामी टाकली तर दुसरीची व्हते, म्हनून बोलली, ठके, तुज्या चिंबोऱ्या मांड आन जागा राख. मना जेल झाली तरी हू दे. तिच्याकडं काय हाय? ना जागा, ना सातबारा. पोलिसानं एकदा नेली तर सोडवायला कोन जानार?”

“पण तिने माझं नाव का सांगितलं?” किशोरी म्हणाली. “माझ्यावर तिचा काय राग होता?”

ते मालूलाही ठाऊक नव्हते. दंड झाला एवढेच तिला कळले होते. कोणाच्या नावाने, हे तिला नोटीस आल्यावर उमगले, आणि तेव्हापासून ती गप्प होती.

५

ठकी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरी वाडीतली. पावसाळ्यात खाडीतून चिंबोऱ्या काढायच्या, दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर, पांडूबरोबर, भट्टीवर विटा पाडायच्या. तिघी तिथे पोचल्या तेव्हा ती साचा उलटा करत होती. मालूला पाहून हसली. मग किशोरीचा चेहरा पाहून तिचे हसू ओसरले.

विनिताबाईंनी काहीही दडवले नाही. नोटीस सांगितली, नेमणूक सांगितली, उरलेले चार दिवस सांगितले. ठकीने मातीचे हात पुढे धरून ऐकून घेतले.

“माझा नाव मी कसा सांगू, बाय?” ती म्हणाली. “जागा किशोरीची. मालूबायनी राखायला दिलेली, कागदासकट. कोर्टात त्या जागेवर माझा नाव लिवला असता तर दुसऱ्या दिवशी बाजारात बोलले असते, ठकीनं जागा खाल्ली. जागेचा दंड जागेच्या नावावर. आमच्यात परक्याचा राखायला घेतला तर त्याच्यावर आपला हात नाय लावायचा.”

“राहायला कुठे, असं विचारलं तेव्हा?”

“तेवा पन जागाच सांगितली. मी त्या जागेवरची, तर जागाच सांगनार ना? वाडी सांगितली असती तर बोलले असते, हिचा काय संबंध. मग साहेबांनी इचारला, कबूल? मी बोलली कबूल. पाटी रस्त्यात व्हती, ती व्हती. खोटा कशाला बोलू?”

विनिताबाईंनी आयुष्यात हजारो कबुल्या नोंदवल्या होत्या. इतकी प्रामाणिक आणि इतकी खोटी कबुली त्यांनी पाहिली नव्हती.

“दंड तू भरलास?”

“चिंबोऱ्यांचे व्हते त्यातून. पावती मालूबायच्या पिशवीत घातली, जागेच्या कागदाबरोबर. जागेचा कागद जागेपाशी.”

मालूने कनवटीची चावी काढून, प्रमाणपत्र दाखवावे लागेल म्हणून बरोबर आणलेली पत्र्याची पेटी उघडली. आत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत प्रमाणपत्र, आणि त्याला चिकटून बसलेली, पिवळी पडलेली पावती. किशोरीने ती हलकेच सोडवली. आपले नाव वाचले.

“घरातच होती,” ती म्हणाली. “दीड वर्ष. माझ्या उशाशी. आत्या, तुला एकदा तरी…”

“मना वाचता येतो का?”

“तुला नाही. मला येतं.” किशोरी पावतीकडे पाहत राहिली. “हॉस्टेलवरून आले की ही पेटी मी पायाने सरकवायचे. उघडली कधीच नाही. मासळीचा वास येतो म्हणून.”

भट्टीवरून धूर सरळ वर जात होता.

६

खरी अडचण आता पुढे आली, आणि ती विनिताबाईंनाच सांगावी लागली. रस्त्यात पाटी मांडणे हा क्षुल्लक गुन्हा. परंतु न्यायालयात दुसऱ्याच्या नावाने उभे राहून कबुली देणे हा क्षुल्लक नव्हे. त्याला कारावास आहे. किशोरी सुटायची तर ठकीने प्रतिज्ञापत्र करून नेमके तेच मान्य करायला हवे होते.

“मग नको,” किशोरी म्हणाली. “मी लिहून देते, मीच होते, विसरले होते. माफी मागते. कदाचित घेतील.”

“तू तिसरी होशील,” विनिताबाई म्हणाल्या. “एकीने राखणीसाठी खोटं सांगितलं, दुसरीने मायेपोटी. तू भीतीपोटी सांगशील. आणि तो डाग तुझा तू कायमचा मान्य केलेला असेल.” त्या जरा थांबल्या. “एक बारीक वाट आहे. ठकीच्या गुन्ह्याची तक्रार पोलीस करू शकत नाहीत, मी नाही, तूही नाही. ती फक्त न्यायालयाने स्वतः करायची असते, न्यायाच्या हितासाठी आवश्यक वाटली तरच. तसं वाटेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही.”

“म्हंजे जेल व्हईल, नाय तर नाय व्हनार,” ठकी म्हणाली.

“हो.”

ठकीने साच्यातली माती बोटाने निपटून काढली. “मी जागा राखायला बसली व्हती,” ती म्हणाली. “राखली नाय. जिची जागा तिचाच नुकसान झाला. मंग येतेच मी. कवा यायचा तेवडा सांगा, मुकादमाला सांगायला लागेल.”

खुलासा चौदाव्या दिवशी दाखल झाला, आणि न्यायालयाच्या निर्णयापर्यंत नेमणूक लांबणीवर पडली. त्यानंतर जे झाले ते सांगण्यासारखे थोडे आहे, कारण बहुतेक काळ काहीच झाले नाही. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाला आपलाच निकाल फिरवता येत नाही, म्हणून अर्ज सत्र न्यायालयात गेला. पहिल्या तारखेला मूळ कागद आले नाहीत. दुसऱ्या तारखेला कागद आले, सरकारी वकील आले नाहीत. तिसऱ्या तारखेला दोन्ही आले आणि न्यायाधीश रजेवर होते. प्रत्येक तारखेला ठकीची मजुरी बुडाली आणि मालूची पाटी बंद राहिली. किशोरी रोज दारातल्या पोस्टमनकडे पाहून मान फिरवत असे. एका तारखेला तिने आवारातल्या बाकावर मूठ आपटली. “दंड पाच मिनिटांत झाला होता, बाई. तो माझा नाही हे सांगायला किती महिने?”

विनिताबाईंचे आयुष्य त्याच भिंतींत गेले होते, आणि त्या दिवशी त्यांना त्याची लाज वाटली.

सातव्या महिन्यात निकाल झाला. किशोरीवरील दोष रद्द. ठकीविषयी न्यायाधीशांनी दोन ओळी लिहिल्या: तिने लाभासाठी नव्हे, तर दुसऱ्याची वस्तू आपल्या नावावर लागू नये म्हणून तसे केले, तक्रार करणे न्यायाच्या हिताचे दिसत नाही. मूळ अडथळ्याचा खटला मात्र खऱ्या आरोपीवर पुन्हा चालवावा.

तो चालला, पाच मिनिटांत. किशोरीने ठकीला आधी सांगून ठेवले होते की लढायचे असेल तर लढू, या कबुलीचे पुढे काय होते ते ऐकून घे. ठकीने ऐकले, आणि तरीही कबूलच म्हणाली.

“नाव?” कारकुनाने विचारले.

“ठकी.”

“पूर्ण नाव. नवऱ्याचं?”

ठकी पदर तोंडाशी धरून हसली. कातकरी बाई नवऱ्याचे नाव घेत नाही.

“पांडू,” मागून मालू म्हणाली. “पांडू हिलम. लिवा. आन राहनार वाडीवर, जागेवर नाय.”

रुग्णालयाचे पत्र नंतर आले. नेमणूक मान्य झाली होती. परंतु मधल्या काळात स्नेहा दुसऱ्या एका रिकाम्या जागेवर रुजू झाली होती आणि सेवाज्येष्ठतेत किशोरी तिच्या खाली लागली. बुडालेले सात महिने कोणी परत केले नाहीत. ते कोणाच्या हातातही नव्हते. सरकारी नोकरीत गेल्यावर अकरावी जागा किशोरीच्या नावावर राहू शकत नव्हती. तिने ती मालूच्या नावावर करण्याचा अर्ज स्वतः लिहिला, आणि पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन त्यातला एकेक कागद मालूला मोठ्याने वाचून दाखवला.

रुजू होण्याच्या सकाळी ती बाजारावरून गेली. मालूने आपली पाटी हातभर आत ओढली होती आणि रस्त्याच्या रेषेच्या आत तेवढीच जागा मोकळी ठेवली होती. तिथे ठकी चिंबोऱ्या बांधत बसली होती. किशोरी दोघींच्या पाया पडली. वास तिला आला असेल. तिने पदर नाकाशी नेला नाही.

तळ्याकाठच्या खिडकीत विनिताबाईंनी त्या दिवसाची तिथी पाहिली आणि पंचांग मिटले. जिने परक्याची राखण आपल्या नावापेक्षा मोठी मानली तिच्या हातांना काम मिळत राहो. जिने दुसरीसाठी दोष अंगावर घेतला तिची जागा तिला लाभो. आणि जी आज रुग्णांच्या उशाशी उभी राहील, तिने त्यांचे नाव लिहिण्यापूर्वी त्यांचा चेहरा पाहावा, एवढी बुद्धी तिला नित्य राहो.